दिवस मावळायच्या आत

बारामतीतल्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत मी शेतकी सल्लागार आहे. काही वर्षांपूर्वी कंपनीनं मला पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात पाठवायचं ठरवलं. तिथं सरहद्दीजवळच्या माळरानावर नव्यानं ऊस लावायचा होता, आणि त्या भागात बंदूकवाल्या टोळ्या फिरतात हे मोबाइलवर कुणालाही वाचता येत होतं. बायकोनं ते वाचलं. गावी, निरवांगीला, माझ्या थोरल्या भावानं ते आबांना, आमच्या वडिलांना, वाचून दाखवलं. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी जायचे. परक्या मुलखात मुक्काम टाकणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "तितं आपलं कोण हाय?"

कोणी नव्हतं. पण गेल्यावर एक बाई भेटली.

आमच्या कॅम्पची सुरक्षा ती सांभाळायची. तिथलीच, पन्नाशीची, चांगली उंच. आधी सैन्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. पहिल्याच दिवशी तिनं मला समोर बसवून विचारलं, "तुझा रक्तगट कोणता?" मला तो पाठ नव्हता. तिनं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी मला तालुक्याच्या गावी नेऊन तो तपासून आणला. तिचा कडकपणा पहिल्या पहिल्यांदा जाचायचा. गाडीत मागं बसलेल्यानंही पट्टा लावायचा. निघताना कळवायचं, पोचल्यावर कळवायचं. नव्या गावात गेलं की आधी तिथल्या वडीलधाऱ्यांना भेटायचं, मग शेतात पाय टाकायचा. आणि काहीही झालं तरी दिवस मावळायच्या आत कॅम्पवर परतायचं. एकदा नमुन्याची माती काढता काढता मला उशीर झाला, तर तिनं मला तिथल्याच मिशनच्या शाळेत बाकावर झोपायला लावलं. कॅम्प तिथून फार लांबही नव्हता.

एका दुपारी रस्त्यात झाडाचं खोड आडवं टाकलेलं दिसलं. गाडीत ड्रायव्हर, ती आणि मी. खोडापाशी चार-पाच पोरं, हातात बंदुका. सर्वांत लहान पोरगं आमच्या दहावीच्या वर्गात शोभलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "हात मांडीवर. चष्मा काढ. त्यांनी मागितलेलं सगळं दे, पण घाई करू नकोस." मग काच खाली करून तिनंच आधी त्यांना नमस्कार केला, घरची खुशाली विचारल्यासारखं काहीबाही विचारलं. त्यांनी माझं घड्याळ, बूट आणि जेवणाचा डबा घेतला. एकानं बंदुकीची नळी माझ्या कानाला टेकवली आणि तशीच ठेवून तो तिच्याशी बोलत राहिला. नळी गरम होती, उन्हानं तापलेली. तेवढंच मला आठवतं. शेवटी त्यांनी खोड बाजूला केलं.

बरंच पुढं आल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून झुडपाच्या आडोशाला ती भडाभडा ओकली. मग चूळ भरली, तोंड पुसलं आणि गाडीत बसत म्हणाली, "चला." त्या दिवसापासून मी तिचा एकही शब्द खाली पडू दिला नाही.

घरी मी यातलं थोडंच सांगितलं होतं, तरी बायको फोनवर रडायची. मी तिथं होतो तोवर तिच्या तोंडी एकच वाक्य, तुम्ही सुखरूप घरी या. मी सुखरूप घरी आलो. काम मार्गी लागलं होतं, आणि पुढं त्या अख्ख्या कॅम्पचा कारभारच त्या बाईकडं आला.

गेल्या हंगामात कंपनीनं तिथल्या काही लोकांना प्रशिक्षणासाठी बारामतीला बोलावलं. त्यांच्यात ती होती. तिला विमानतळावरून आणायला मीच गेलो. पुणं मागं पडल्यापासून ती खिडकीबाहेर बघत होती. उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली, एका गाडीवर बसलेली चार-चार माणसं, जीपच्या टपावर बसून चाललेले मजूर, हे सगळं बघत तिनं आपला पट्टा ओढून पाहिला. मग तिनं विचारलं, "इथं काही झालं तर कोणत्या दवाखान्यात नेतात? तिथं रक्त मिळतं?" मी हसून म्हटलं, "मॅडम, हे माझं गाव आहे. इथं तुम्ही पाहुण्या."

रविवारी मी तिला निरवांगीला जेवायला नेलं. बायको बरोबर होती. आईनं पुरणपोळी केली होती, वहिनीनं पाहुणीसाठी खुर्ची मांडली, पण ती आईशेजारी खालीच बसली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती तरी दोघी तासभर बोलत होत्या. आबांनी तिला अंगणात नेऊन उरलेली आठ-दहा मेंढरं दाखवली. तिनं एका मेंढीचं तोंड उघडून दात बघितले आणि वय सांगितलं. आबा खूश. "आपल्यातलीच हाय की ही," म्हणाले.

माझ्या भावाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह वस्तीवर उभा होता. ऊसतोड चालू होती, दुसऱ्या दिवशी कारखान्याला जायचा ऊस भरणं चाललं होतं. ती ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली, "याला मागं दिवा नाही." मी ते भावाला सांगितलं. भाऊ हसला. "त्यांला म्हणावं, हितं एकाबी ट्रॉलीला दिवा नसतुया. दिवसाढवळ्या दिसत न्हाय व्हय येवढा ऊस?"

चार वाजल्यापासून ती घड्याळ बघत होती. पण आईला ओटी भरायची होती, वहिनीला चहा करायचा होता, आणि आबांना आणखी काही दाखवायचं होतं. अंगावर पदर नव्हता म्हणून नारळ, तांदूळ, खण रुमालात घेऊन पाहुणी गाडीत बसली, तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. तिनं मागं वळून माझ्या बायकोला पट्टा लावायची खूण केली. बायकोनं लाजत लाजत तो लावला. कधी लावायची सवयच नव्हती, तर तो कुठं अडकवायचा हेही तिला शोधावं लागलं.

कळंबच्या अलीकडं कालव्याच्या पुलावर रस्ता चढतो. आमच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. ऊस दोन्ही बाजूंनी ट्रॉलीबाहेर आला होता, आणि ड्रायव्हरनं गाणी एवढी मोठ्यानं लावली होती की आम्हाला काचा लावूनही ऐकू येत होती. ट्रॅक्टर आणि आमच्यामध्ये एक मोटारसायकल होती. पुढं नवरा, मागं बायको एका अंगाला पाय सोडून बसलेली. तिच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीतून फुग्याची काडी वर आली होती, बहुतेक कुठल्या तरी कार्यक्रमाहून येत असावीत. उजेड अजून होता, पण रंग दिसेनासे व्हायला लागले होते.

पाहुणी म्हणाली, "मागं राहा. आणखी मागं." मी वेग कमी केला.

चढाच्या मध्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. आमच्याकडं हे रोजचं आहे. ओझं जास्त झालं की ट्रॅक्टर पुढून उठतो, पोरं त्याला टाळ्या वाजवतात. चाकं परत खाली आपटली आणि त्या हिसक्यासरशी मागची ट्रॉली सुटली. ती आधी सरळ मागं आली, मग तिरकी झाली, मग कलंडली. मोटारसायकलवाल्यानं पाय खाली टेकले होते. त्याला बाजूला व्हायला जागाही होती, पण वेळ नव्हता. उसाच्या मोळ्या एकावर एक कोसळण्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. भिंत पडावी तसा तो होता, पण बराच वेळ चालू राहिला.

मग आमच्यापुढं मोटारसायकल नव्हती. नुसता उसाचा ढीग होता.

मी स्टिअरिंग धरून बसलो. मला काही सुचेना. कानाला बंदूक लागली तेव्हा मला काय करायचं ते माहीत होतं. इथं, माझ्या स्वतःच्या रस्त्यावर, मला काहीही माहीत नव्हतं. पाहुणीनं माझ्या दंडावर जोरानं मारलं. "गाडी आडवी लाव. दिवे लाव, सगळे." मी लावली. "आता उतर आणि मागून येणाऱ्यांना थांबव." मी धावलो. मागं आणखी एक ट्रॅक्टर येत होता, त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिलो. तो थांबला म्हणून वाचलो, एवढंच.

परत आलो तेव्हा माणसं जमली होती. कुठून आली कोण जाणे. आधी कुत्रंही दिसत नव्हतं. चार-पाच जणांनी ऊस उपसायला घेतला होता आणि त्याहून जास्त जण मोबाइल वर धरून उभे होते. नवरा सापडला. शुद्धीवर होता, एक पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळला होता. दोघांनी त्याच्या काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली. "उचला, उचला, टेंपूत घाला!" बाई त्यांच्या अंगावर ओरडली. तिचं इंग्रजी कुणाला कळेना. मी ओरडलो, "ओढू नका! मणका गेला असंल तर मरंल तो!" एक जण माझ्यावरच उखडला, "मग काय हितंच मरू द्यायचा का?" तरी त्यांनी हात सोडले.

तिनं त्याच ढिगातले चार सरळ ऊस निवडले, मला एका तोडणीवाल्याच्या कोयत्यानं मोजून तोडायला लावले, आणि तिच्या डोक्याच्या फडक्यानं ते त्याच्या पायाला दोन्हीकडून बांधले. मग रस्त्यावर बसून तिनं त्याचं डोकं आपल्या दोन तळव्यांत धरलं, हलू नये असं, आणि त्याच्याशी बोलायला लागली. इंग्रजीत नाही, तिच्या भाषेत. तो तिच्या चेहऱ्याकडं एकटक बघत होता.

त्याची बायको ढिगाच्या तळाशी निघाली. माझ्या बायकोनं आणि दोन तोडणीवाल्या बायकांनी तिला बाहेर काढलं. अंगावर कुठं जखम दिसत नव्हती. तोंडात उसाचं पाचट गेलं होतं. माझ्या बायकोनं ते बोटानं काढलं, तोंड पुसलं, तिच्या साडीचा पदर सारखा केला, आणि मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. अंगावरची शाल काढून तिनं ती त्या बाईवर पांघरली.

अॅम्ब्युलन्स आली. दोघांना घेऊन गेली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कधीच उसात पळाला होता. "पळाला त्ये बरं केलं, न्हायतर मार खाल्ला असता," एक जण म्हणाला. कुणीतरी जेसीबी आणला, ट्रॉली कडेला सारली, ऊस रस्त्याच्या बाजूला ढकलला. मग खोळंबलेले ट्रॅक्टर एकेक करून निघाले. पहिल्याला मागं दिवा नव्हता. दुसऱ्याला नव्हता. तिसऱ्यानं गाणी पुन्हा सुरू केली.

पुलापाशी चहाची टपरी होती. तिथल्या म्हाताऱ्यानं आम्हाला हात धुवायला पाणी दिलं. पाहुणीच्या हातावर पाणी ओतत तो मला म्हणाला, "ह्या पुलावर दर हंगामाला एखादं जातंयच बघा. गेल्या साली मास्तर गेलं." पाऊस कमी झाला, तूर गेली, तशा आवाजात. तो काय म्हणाला, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "दर वर्षी? याच ठिकाणी?" मग तिनं मान वळवून त्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "यांना कुणी थांबवत नाही?"

माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक माणसं येत होती. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावर बसणारा एक जण ऐन तिशीत अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकून गेला होता. माझी एक चुलत बहीण. आमच्या गावचा वाजंत्री, लग्नाहून परतताना. डेअरीला दूध घालणारा एक पोरगा. प्रत्येकाच्या दहाव्याला मी गेलो होतो, प्रत्येक वेळी नशीब म्हणून परतलो होतो. त्या सगळ्यांची गोळाबेरीज मी कधी केलीच नव्हती. तिकडं माळरानावर मी राहत होतो तेवढ्या काळात आमच्या माहितीतलं एकही माणूस गोळीनं मेलं नाही.

बारामती जवळ आल्यावर मागून बायको एकदम म्हणाली, "तुम्ही तिकडं असताना मी देवाला काय काय बोलले. आणि पोरगी रोज क्लासला ह्याच गाड्यांमधून स्कूटी काढत जाते, तेव्हा मी तिला फक्त स्वेटर घाल म्हणते." एवढं बोलून ती रडायला लागली. पाहुणीनं मागं न बघता हात मागं केला आणि बायकोनं तो धरला.

दुसऱ्या दिवशी पाहुणी म्हणाली, मला त्याला बघायचं आहे. आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, पाय राहिला होता. सुप्याकडचा होता, कोरडवाहू शेतकरी. इकडं भाचीच्या वाढदिवसाला आला होता. खाटेशेजारी त्याचा मोठा भाऊ बसला होता. आम्हाला बघून तो उठून बाहेर आला आणि माझा हात धरून म्हणाला, "साहेब, त्याला अजून सांगितलं न्हाय. दुसऱ्या वार्डात हाय म्हणून सांगितलंय. तुमी कायबी बोलू नगा." पहाटे त्याच्या बायकोला सुप्याला नेलं होतं. तिची माती होऊन गेली होती.

मी आत गेलो. त्यानं पाहुणीला ओळखलं, हात जोडले. मग मला म्हणाला, "ह्या बाई माज्याशी लई बोलत व्हत्या. मला समजलं न्हाय, पर त्यामुळं जीव शाबूत ऱ्हायला. काय म्हणत व्हत्या, इचारा की जरा."

मी तिला विचारलं. ती खाली बघत इंग्रजीत म्हणाली, "मी त्याला सांगत होते की तुझी बायको बाजूला बसली आहे, पाणी पिते आहे, तुझीच वाट बघते आहे. तिला बाहेर काढलं तेव्हाच मला दिसलं होतं की ती गेली. त्याला कळणार नाही म्हणून माझ्या भाषेत बोलले."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याचा भाऊही बघत होता. मी म्हटलं, "धीर धरा म्हणत होत्या. सगळं नीट होईल म्हणत होत्या."

"व्हय," तो म्हणाला. "तसंच वाटलं."

बाहेर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे त्याच्यापासून काय लपवलंय ते. तिला धक्का बसला. "याला बायकोचं तोंड बघू दिलं नाही?" तिच्याकडं असं करत नाहीत. मी तिला समजवायचा प्रयत्न केला की तो खचू नये म्हणून, की आमच्याकडं पद्धत असते. बोलता बोलता माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, आणि तिथं माळावर झुडपाआड ती ओकली होती त्यानंतर पहिल्यांदाच मी तिला कोसळलेलं बघितलं. मी शेजारी बसलो. लोक आमच्याकडं बघत ये-जा करत होते.

उरलेल्या दिवसांत ती संध्याकाळी कुठं गेली नाही. तिच्या तुकडीतल्या लोकांनाही जाऊ दिलं नाही. शनिवारवाडा बघायचा बेत होता, तोही तिनं मोडला, कारण परतायला रात्र होणार होती. मी तिला भर दुपारी विमानतळावर सोडलं. आत जाताना ती म्हणाली, "पोचलास की कळव."

पुढच्या रविवारी मी निरवांगीला गेलो तर भावाच्या ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. मी म्हटलं, "दादा, त्या पुलावर काय झालं ते तुला सांगितलं ना मी? आणि तू अजून दिवाही बसवला नाहीस?"

"सांगितलंस की. पर आता कारखान्याची पाळी आलीया, आज ऊस गेला न्हाय तर वाळून जाईल. सवडीनं बसवू."

"सवडीनं?"

"अरं, सगळ्यांचं असंच हाय. मी एकट्यानं दिवा लावून काय हुनार?"

आम्ही कधी भांडत नाही. त्या दिवशी भांडलो. वहिनी मध्ये पडली, आई रडकुंडीला आली. आबा ओट्यावर बसून ऐकत होते, शेवटी म्हणाले, "दोघंबी गप बसा." त्यांनी ना त्याची बाजू घेतली ना माझी. भाऊ रागानं ट्रॅक्टरवर चढला आणि निघाला.

मी माझी गाडी काढली आणि त्याच्या मागं लागलो. चारी इंडिकेटर चालू, वेग त्याच्याएवढा, अंतर ठेवून. मागून येणारे हॉर्न मारत होते, शिव्या देत होते, बाजूनं जाताना वाकून बघत होते. कालव्याच्या पुलावर कडेला अजून थोडा ऊस पडला होता, तो वाळून काळा पडला होता. कारखान्यापर्यंत मी तसाच गेलो. आत अड्ड्यावर ट्रॉल्यांची रांग एवढी लांब होती की टोक दिसत नव्हतं. मी गाडीतून उतरून त्या रांगेच्या कडेनं चालत गेलो, प्रत्येक ट्रॉलीच्या मागं बघत. नंतर बघायचं सोडून दिलं.

भाऊ खाली उतरून माझ्यापाशी आला. तंबाखू मळली, ती तोंडात न टाकता तशीच हातात ठेवली.

"असं किती दिस मागं येनार हाईस?" त्यानं विचारलं.

"तू दिवे बसवेस्तोवर."

त्यानं त्याच आठवड्यात दोन्ही ट्रॉल्यांना दिवे बसवले. त्यातला एक अड्ड्यावर गर्दीत दुसऱ्या ट्रॅक्टरनं फोडला. त्यानं शिव्या घातल्या आणि नवा बसवला. आमच्या वस्तीवरच्या आणखी एकानं त्याचं बघून लाल चकचकीत पट्ट्या चिकटवल्या. बाकीचे तसेच जातात. पोरगी क्लासला आता बसनं जाते. संध्याकाळी ती घरात येईपर्यंत माझी बायको दारातून हलत नाही, आणि मी असलो तर मीही हलत नाही.